जावयाचा रुसवा आणि बडा तलाव

गाडीने शिट्टी दिली तरी आईच्या सूचना संपल्या नव्हत्या. खिडकीचे गज धरून ती पुण्याच्या फलाटावरून चालत होती आणि मला बजावत होती, "नले, नणंद म्हणून चालली आहेस. दादाच्या मानपानात काही कमी पडलं तर तोंडात गुळणी धरून बसू नकोस. आणि कुमुदला नाव घ्यायला लाव. लग्नात नुसती लाजून मान हलवत होती. आता तिच्या माहेरच्या माणसांत, खणखणीत उखाणा झाला पाहिजे!"

कुमुद म्हणजे माझी नवी वहिनी. ती समोरच्या बाकावर बसून हसू दाबत होती आणि तिच्या शेजारी माझा दादा, मधुकर, नव्या कोटाची इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसला होता. लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणजे दिवाळसण. जावयाने सासरी जायचं, सुगंधी तेल लावून घ्यायचं, पाडव्याला पाटावर बसून रुसायचं आणि सासऱ्याने हौसेने तो रुसवा काढायचा. मी पुण्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते, म्हणून दोघांच्या सोबतीला जायला आनंदाने तयार झाले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनच दिवाळ्या झाल्या होत्या आणि वऱ्हाड आता आपलंच आहे एवढं मला शाळेतल्या नकाशावरून ठाऊक होतं.

मनमाडला गाडी बदलली. भुसावळला केळी घेतली. दादाची बडबड अखंड चालू होती आणि तिचा विषय एकच, सासऱ्यांची मोटर-होडी. वहिनीचे वडील परतवाड्याला वकील. तिथल्या तलावावर त्यांनी आणि गावातल्या हौशी मंडळींनी नौकाविहाराचं मंडळ काढलं होतं आणि कापसाच्या कुणा जिनिंगवाल्याने मुंबईहून एक छोटं यंत्र आणून होडीला मागे बसवलं होतं. एकाच माणसाने बसायचं, दोरी ओढायची की होडी सुसाट. लग्नात सासऱ्यांनी हे सहज सांगितलं आणि तेव्हापासून दादाने आपल्या कचेरीत अशी हवा केली की जणू होडी हुंड्यातच मिळालीय.

"पण बाबा फार नेमाचे आहेत हं," वहिनी एकदा म्हणाली.

"जावयाला कसले नेम?" दादा म्हणाला. मीही हसले.

अकोल्याच्या अलीकडेच काळी जमीन सुरू झाली. कापूस फुटला होता. मैलोगणती काळ्या रानावर पांढरे ठिपके आणि मधूनच कापसाने शिगोशीग भरलेली बंडी (बैलगाडी). अकोल्याला डब्यात एक थोराड बाई चढल्या. बसल्या बसल्या त्यांनी फडकं सोडलं आणि भाकर, ठेचा, जवसाची चटणी आमच्यापुढे केली. दादा नको नको म्हणू लागला तशा त्या खेकसल्याच.

"काहून? जवाई दिसून राहिले तुमी. आताच पोटभर खाऊन घ्या, सासरवाडीत लाजसान!"

मी दचकले. आमच्याकडे अनोळखी माणसावर कुणी असं डाफरत नाही. पण त्या ओरडण्यात इतकी माया होती की दादाने मुकाट्याने दोन भाकरी खाल्ल्या. ठेच्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि बाई पोट धरून हसल्या.

बडनेऱ्याला उतरून अमरावती आणि तिथून परतवाड्याची एस.टी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, आणि समोर सातपुडा आधी धुरासारखा, मग निळा, मग हळूहळू झाडं दिसण्याइतका जवळ. परतवाड्याच्या थांब्यावर मेळघाटातून आलेल्या सागवानाच्या गाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून वाट काढत वहिनीचे वडील, अण्णा, आम्हाला घ्यायला आले. काळा कोट, काटकुळे, चालताना पाठ सरळ. त्यांनी दादाच्या हातातली बॅग स्वतः घेतली. दादाने ती घेऊ दिली! माझ्या मनाला ते लागलं.

घरी वहिनीची आई, माई, दारातच भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. माई मनाने मऊ आणि बोलायला रोखठोक. जेवताना वाढायचं थांबवतच नसत. पाटवड्यांचा झणझणीत रस्सा, गोळाभात, सीताफळांची रास. "घ्या न वो, पुण्याले काय वाटीवाटीनं जेवता का?" असं म्हणून माझ्या ताटात त्यांनी तिसऱ्यांदा भात ओतला. मला ते घर आवडून गेलं.

नरकचतुर्दशीला फराळ झाल्यावर अण्णा आम्हाला दमणीत (बसायच्या हलक्या बैलगाडीत) घालून तलाव दाखवायला घेऊन गेले. त्याला सगळे बडा तलावच म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी पसरलेलं पाणी, एका बाजूला दगडी पायऱ्या, आणि पलीकडचं निम्मं पाणी हिरवंगार. मला वाटलं ती गवताची कुरणंच आहेत.

"शिंगाडे," वहिनी म्हणाली. "दिवाळीत तोड चालू असते."

त्या हिरव्या पसाऱ्यात माणसं होती. दोन पालथी मडकी बांबूला बांधून त्यावर पोट टेकून ती पाण्यावर तरंगत होती आणि हाताने वेल उचलून शिंगाडे खुडत होती. त्यांतली एक बाई आम्हाला बघून काठावर आली. नाव सोनाबाई. तलावातल्या शिंगाड्याचा मक्ता तिच्या घरी. ओल्या लुगड्यानिशीच तिने वहिनीच्या गालांवरून हात फिरवले.

"माय वो, कुमूद! बारीक झाली वं तू. पुण्याले खायला देतात का नाई?"

दादाचं लक्ष कुठे होतं? झाकून ठेवलेल्या मोटर-होडीवर. त्याने ताडपत्री उचलायला हात घातला, तोच अण्णांनी पायऱ्यांजवळच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर तलावाचे नियम रंगवलेले होते आणि ते अण्णांनीच केले होते. पोहता येत असल्याशिवाय यंत्राची होडी नेऊ नये. पायऱ्यांवर बायका असतील तर यंत्र बंद करून वल्ह्याने यावे. आणि सगळ्यांत ठळक, दसऱ्यापासून शिंगाड्याची तोड संपेपर्यंत यंत्र सुरूच करू नये. नियम मोडणाऱ्यास एक वर्ष तलावावर येण्याची मनाई, मग तो कोणीही असो. त्याखाली आजवर मनाई झालेल्याचं एकच नाव होतं. एका बड्या साहेबाच्या मेहुण्याचं.

"वेल वर तरंगतो, मुळं खाली चिखलात," अण्णा समजावून सांगत होते. "लाटेने तो उलटतो, आणि यंत्राच्या पंख्यात सापडला तर संपलंच. या लोकांचं वर्षाचं पोट आहे त्यावर. तुम्ही उन्हाळ्यात या मधुकरराव, हवी तेवढी फिरवा. आज मी वल्ह्याने नेतो."

अण्णांनी आम्हाला वल्ह्याच्या नावेतून फिरवलं. कोर्टात जाण्याआधी रोज सकाळी ते इथे येऊन नाव वल्हवत. देवपूजेनंतर हा त्यांचा दुसरा नेम. पाण्यावर ते वेगळेच दिसत होते, मोकळे, तरुण. सोनाबाईने नावेत मूठभर शिंगाडे टाकले. आतला गर पांढरा आणि दुधासारखा गोड. मी खात होते, वहिनी गाणं गुणगुणत होती, आणि दादा तोंड फुगवून ताडपत्रीकडे बघत होता.

पाडवा उजाडला. पाट मांडले, रांगोळ्या काढल्या, वहिनीने दादाला ओवाळलं. मी नाव घे, नाव घे म्हणून तिच्या मागे लागले. ती लाजून माईंच्या पाठीमागे लपली. मग चांदीच्या ताटात पंचपक्वान्नं आली आणि दादा रिवाजाप्रमाणे रुसला. त्याने ताट सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सगळे खुशीत हसले. वहिनीच्या मावश्या, काकू ओरडू लागल्या, "रुसले बाप्पा, रुसले! काय पायजे जवाईबाप्पूले?"

अण्णांनी खिशातून डबी काढली. अंगठी होती. दादाने मान हलवली. अण्णांनी घड्याळ पुढे केलं. दादाने पुन्हा मान हलवली.

"मला मोटर-होडी चालवायची आहे. उद्याच."

हसणं थांबलं. अण्णा हळूच म्हणाले, "ते सोडून काहीही मागा."

"मग मला भूक नाही," दादा म्हणाला.

मला वाटलं, घटकाभर ताणील आणि सोडून देईल. पण दादा इरेला पेटला. आणि जावई जेवल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही, हीदेखील रीतच. पानं वाढलेली, भात थंड होतोय, लहान मुलं चुळबुळतायत, वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी पांढरीफटक उभी. शेवटी माई माझ्यापाशी आल्या. चांगली मोठी बाई, माझ्यासारख्या पोरीपुढे पदर सावरून उभी राहिली.

"तुमीच सांगा न वो तुमच्या दादाले. तुमचं आयकतील ते."

तेव्हा मी काय बोलायला हवं होतं ते आज मला दहा प्रकारे सुचतं. तेव्हा मात्र माझ्या कानात आईचा फलाटावरचा आवाज होता. मी हनुवटी वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिल्याच सणाला एवढंही होत नाही? मग आईला मी काय सांगू?"

माईंचा चेहरा उतरला. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. त्या बघण्यातच सगळं होतं. लेक परक्यांच्या घरात आहे, आणि उद्या तिला तिथे काय ऐकावं लागेल. अण्णांनीही तेच पाहिलं असणार. त्यांनी सारलेलं ताट पुन्हा दादापुढे ओढलं.

"उद्या सकाळी जाऊ," ते म्हणाले. "जेवा आता."

दादा वळला, हसला आणि श्रीखंडावर तुटून पडला. मला वाटलं होतं आपण बाजी मारली. पण या वेळी माईंनी मला भाताचा आग्रह केला नाही. शरमेने माझे कान तापले आणि अजूनही तो पाट आठवला की तापतात.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तलावावर तोड चालूच होती. अण्णांना ताडपत्री सोडताना बघून सोनाबाई मडक्यावरून उतरून छातीभर पाण्यातून चालत आली.

"वकीलसाहेब, मशीन काहून काढून राहिले? तोड हाये न आमची."

"आज एक डाव," अण्णा म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "तुझ्या माणसांना बाहेर काढ, सोनाबाई. कुणाला लागायला नको."

तिने अण्णांकडे पाहिलं, दादाच्या नव्या कोटाकडे पाहिलं, आणि वहिनीकडे पाहिलं. मग हाक मारून आपली माणसं बाहेर बोलावली. ती सगळी ओलीचिंब काठावर ओळीने उभी राहिली.

"हिरव्याच्या जवळ जाऊ नका. काही झालं तर आधी यंत्र बंद करा," अण्णांनी बजावलं. दादाने मान डोलावली. दोरी ओढली, यंत्र गुरगुरलं, आणि होडी खरोखरच सुसाट निघाली. बगळे उडाले. दादा आनंदाने ओरडत होता. एक फेरी झाली. लाटा हिरव्या पसाऱ्यापर्यंत गेल्या, वेल वरखाली हलायला लागला. दुसऱ्या फेरीला त्याने आम्हाला दाखवायला म्हणून एक हात वर केला आणि होडी वळली ती सरळ वेलात घुसली.

अण्णा पायऱ्यांवरून ओरडले, "बंद करा! यंत्र बंद करा!"

दादाने बंद केलं नाही. अडकलं म्हणून त्याने आणखी जोर लावला. पंख्याने वेल खेचायला सुरुवात केली. एक वेल ओढला की त्यात गुंतलेले दहा ओढले जात होते. बघता बघता तो हिरवा पसारा चटईसारखा गुंडाळत गेला, मुळं वर आली, काळा चिखल वर आला, कच्चे शिंगाडे उलटे होऊन तरंगायला लागले. मग यंत्र घुसमटून आपोआप बंद पडलं. एकदम शांत झालं. दादा होडीत उभा राहिला आणि "अहो, कुणीतरी या!" म्हणून हाका मारू लागला.

सोनाबाईची माणसं जागची हलली नाहीत. अण्णाच वल्ह्याची नाव घेऊन गेले, कोटाच्या बाह्या भिजवत वेल कापला आणि जावयाला काठावर आणलं. दादाचे बूट चिखलाने भरले होते. "यंत्रच खराब आहे," तो म्हणाला. मला वाटलं, धरणीने मला आत्ता पोटात घ्यावं.

सोनाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे अण्णांसमोर आली.

"आमाले वाचता येत नाई वकीलसाहेब. पाटीवर काय लिवलं ते तुमीच वाचून सांगतलं होतं. तुमच्या भरवशावर वेल लावला आमी."

"हो," अण्णा म्हणाले. "मीच सांगितलं होतं."

एवढंच. ती पाण्यात उतरली आणि तुटलेल्या वेलांतून हाती लागतील ते शिंगाडे गोळा करू लागली. वहिनी काठावर बसून रडत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले आणि मागे घेतला. कुठल्या तोंडाने ठेवणार?

संध्याकाळी मी दादाला भाऊबीजेचं ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात त्याचा चेहरा तोच होता, लहानपणी मला सायकलवरून शाळेत सोडणारा. तो म्हणाला, "नले, माझ्याकडे बघत का नाहीस?" मी म्हटलं, "धूर गेला डोळ्यांत." त्यालाही कळलं असावं. त्या रात्री तो न रुसताच अर्धपोटी उठला.

निघायच्या दिवशी सकाळी बसला अवकाश होता. अण्णा म्हणाले, मला तलावावर थोडं काम आहे. वहिनी म्हणाली, मीही येते. मग आम्ही सगळेच दमणीत बसलो. तलावावर गावातला पेंटर डबा आणि कुंचला घेऊन पाटीपाशी आलेला होता. सोनाबाईची माणसं उरलेली तोड करत होती. पाण्याचा हिरवा भाग आता निम्म्याहून कमी उरला होता.

अण्णांनी पाटीच्या खालच्या भागावर बोट ठेवलं आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. पेंटर बघतच राहिला.

"तुमचं? साहेब, नियम तर तुमीच केले."

"म्हणूनच. लिही. एक वर्ष."

पेंटरने लिहिलं. मला अण्णांचा नावेतला मोकळा चेहरा आठवला. उद्यापासून सकाळी देवपूजा झाल्यावर हा माणूस काय करणार?

"आन् मशीन चालवनाऱ्याचं?" पेंटरने विचारलं.

"यंत्र मी दिलं," अण्णा म्हणाले. "माझं एकच नाव."

दादा माझ्या शेजारी उभा होता. त्याने आता बोलावं, एक पाऊल पुढे टाकावं, असं मला इतकं वाटत होतं की मी त्याला कोपराने ढोसलं. तो बुटांकडे बघत राहिला. ते बूट माईंनी रात्री बसून स्वच्छ केले होते.

तेवढ्यात वहिनी पुढे झाली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला.

"लिहा," ती पेंटरला म्हणाली, "मधुकर विनायक."

नवऱ्याचं नाव! वडिलांसमोर, नवऱ्यासमोर, भर दिवसा, चार माणसांत. आमच्या घरात तिने आठ महिने "अहो" आणि "हे" याच्यापुढे शब्द काढला नव्हता. नावासाठी आम्ही तिला पेढे दाखवले होते, चिमटे काढले होते. पेंटरचा कुंचला हवेतच राहिला.

"बेटा," अण्णा म्हणाले, "तुले तिकडं राहायचं आहे." एवढ्या दिवसांत ते माझ्यासमोर पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलले.

"म्हणूनच बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता पण तिने पुन्हा सांगितलं, आता सावकाश, लिहिणाऱ्याला लिहिता यावं असं. "मधुकर विनायक. एक वर्ष."

पेंटरने दादाकडे पाहिलं. दादा लाल झाला होता. मला वाटलं आता हा चिडणार, तिला टाकून बसमध्ये जाऊन बसणार. पण त्याने मान खाली घालूनच म्हटलं, "लिहा."

निघताना सोनाबाई पाण्यातून बाहेर आली. तिने वहिनीच्या ओटीत शिंगाडे घातले, तुटलेल्या वेलावरचेच, लहान, अर्धे कच्चे. "लेक रिकामी जाऊ नये," म्हणाली. दादाकडे तिने पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. आणि बरोबर केलं तिने.

परतीच्या वाटेवर अकोला आलं, तोच काळा-पांढरा मुलूख होता. येताना खिडकीत नाक खुपसून बसलेली मी, जाताना डोळे मिटून बसले. दिसायचं ते सगळं दिसत होतंच. मनमाडला दादा उतरून वहिनीसाठी पाणी घेऊन आला. ती म्हणाली, "ठेवा." त्याने ठेवलं. एवढंच त्या दोघांत झालं.

प्रवास करून आलेल्या माणसाला लोक विचारतात, काय पाहिलंत? मी सातपुडा पाहिला, संत्र्यांच्या बागा पाहिल्या, पाण्यावर पोटावर तरंगणारी माणसं पाहिली. सगळं सांगते मी मैत्रिणींना. पण आमच्या मानपानाचं वजन त्या घराने कसं उचललं, तेही पाहिलं, आणि ते सांगताना माझी जीभ अडखळते.

घरी आल्या आल्या वहिनी आत गेली आणि शिंगाडे उकडायला ठेवले. आई मला धरून बसली. सासऱ्यांनी काय घातलं, पंगत कशी होती, रुसवा कसा काढला? दादा समोर बसून एक शिंगाडा सोलत होता. त्याचा काटा बोटात गेला तरी तो सोलतच राहिला.

"आणि नाव?" आईने विचारलं. "घेतलं का कुमुदने नाव?"

मी दादाकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

"घेतलं," तोच म्हणाला. "पाटीवर आहे."